वेंगुर्ल्याचा रविवारचा बाजार : गावठी भाजी नेमकी कुणाकडे बघायची?

ठाण्याहून_वेंगुर्ल्यात

नमस्कार सगळ्यांना. नवऱ्याची बदली झाली म्हणून आम्ही जूनमध्ये वेंगुर्ल्यात राहायला आलो, त्याआधी मी जन्मापासून ठाण्यात. आमच्या भाड्याच्या घरापासून रविवारचा आठवडा बाजार चालत जाण्यासारखा आहे आणि मला तो फार आवडायला लागलाय, पण अजून नीट उमगलेला नाही म्हणून इथे विचारतेय.

होतं काय की बाजारात शिरलं की आधी दिसतात मोठमोठे ढीग, टोमॅटो, कोबी, फ्लॉवर, ढोबळी मिरची, कांदे बटाटे, म्हणजे ठाण्यात स्टेशनबाहेर जे मिळायचं तेच सगळं. ते नकोच असं नाही, घरात लागतंच, पण इथे येऊन इथलं खायचं नाही तर काय उपयोग. आणि मग मध्येच कुठेतरी कोपऱ्यात एखादी आजी गोणपाटावर दोन तवशी, म्हणजे इथल्या मोठ्या काकड्या, आणि अळूची जुडी घेऊन बसलेली असते, गर्दीत ती दिसेपर्यंत मी पुढे गेलेली असते.

तर प्रश्न असे. खरंच घरची भाजी आणणाऱ्या बायका बसतात कुठे आणि त्या ओळखायच्या कशा? आता श्रावण आहे तर नेमकं काय घ्यावं? किती वाजता जावं? आणि भाव करायचा का? मला तिथे उभं राहून पाच रुपयांसाठी बोलायला जीवावर येतं पण सासूबाई फोनवर म्हणतात की भाव न करता घेणाऱ्याला बाजारात फसवतात. मुलगी सात वर्षांची आहे, तिलाही नेते, तिला भाज्यांची नावं कळावीत अशी इच्छा आहे. अनुभवी मंडळींनी जरा सविस्तर सांगा प्लीज.

जांभ्याचं_अंगण

ताई, स्वागत आमच्या गावात! तुम्ही विचारलंत ते वाचून खूप बरं वाटलं, कारण इथे वर्षानुवर्षं राहणारे सुद्धा आता ढीग बघून घेतात आणि निघतात.

आधी वेळ सांगते. सकाळी लवकर, साडेसात आठपर्यंत पोचायचं. तुळस, मठ, आडेली, होडावडा, आसोली इकडच्या गावांतनं बायका सकाळच्या गाड्यांनी येतात आणि त्यांच्याकडे माल असतो किती, एक पाटी म्हणजे टोपली नाहीतर दोन पिशव्या, तो दहापर्यंत संपतो. अकराला गेलात तर फक्त ढीगच दिसणार आणि मग वाटणार की इथे गावठी काही मिळतच नाही.

ओळखायचं कसं तर माझी सवय सांगते. जिच्यासमोर सात आठ प्रकारच्या वस्तू थोड्या थोड्या आहेत ना, म्हणजे चार शिराळी, एक पडवळ, थोड्या मिरच्या, अळूच्या दोन जुड्या, पाच सहा लिंबं, एखादा नारळ, केळफूल, आणि बाजूला अबोलीचा वळेसर म्हणजे गजरा, ती घरची. परड्यात, म्हणजे घरामागच्या बागेत, एका वेळी जे तयार होतं ते सगळं ती घेऊन येते, म्हणून ते असं मिसळ असतं. आणि एकाच मापाची पन्नास किलो भेंडी कुणाच्या परड्यात होत नाही. गावठी भेंडी लांब, फिकट हिरवी, शिरा उठलेली असते, आणि त्यात एखादी वाकडी, एखादी जून निघणार, ते चालवून घ्यायचं. जुडी कशाने बांधलीय तेही बघा, केळीच्या सोपटाने नाहीतर वेलीने बांधलेली असली तर बहुतेक घरची, रबरबँड असला तर विचारा. विचारायला अजिबात लाजू नका, सरळ म्हणा “मावशे, परड्यातली काय गो?” ती खरं काय ते सांगते. विकत घेऊन विकायला बसलेली बाईसुद्धा शक्यतो खोटं सांगत नाही, हा माझा इथला अनुभव आहे.

जागा म्हणाल तर त्या मधल्या ओळीत नसतात. कडेला, दुकानांच्या पायऱ्यांवर, रस्त्याच्या वळणाला, जिथे दोन हात जागा मिळेल तिथे. म्हणून आधी रिकामी पिशवी घेऊन बाजाराच्या कडेकडेने एक पूर्ण फेरी मारायची, काही न घेता, आणि मग दुसऱ्या फेरीत खरेदी. मुलीला घेऊन हे फार छान होतं, तिला सांगा ओळखीची नसलेली भाजी शोध आणि तिचं नाव त्या आजीलाच विचार. आज्या इतक्या प्रेमाने सांगतात ना, वर एखादं पेरू हातावर ठेवतात.

श्रावणात काय घ्यावं. टाकळा, कुर्डू, फोडशी ह्या पहिल्या पावसाच्या भाज्या, जून आणि जुलैचा पहिला पंधरवडा, आता त्या राठ झाल्या, कुणाकडे दिसल्या तरी घेऊ नका, पुढच्या वर्षी मृग लागला की आठवणीने घ्या. आता राज्य वेलींचं आहे. शिराळी, पडवळ, तवशी, काकड्या, कोवळा भोपळा, भोपळ्याची फुलं. चिबूड आला असेल तर वास घेऊन घ्या, पूर्ण पिकलेला चिबूड टोपलीत असला की चार पावलांवरून कळतो, तो त्याच दिवशी खायचा, उद्यावर ठेवला की फुटतो. अळू भरपूर. अळवात घशाला खवखवणारे बारीक स्फटिक असतात त्यामुळे कोकम नाहीतर चिंच घातल्याशिवाय शिजवायचं नाही, आणि बाजारात विचारून घ्या की भाजीचं आहे का वडीचं, दोन्ही वेगळी.

आणि अळंबी! रानात वारुळांवर उगवणारी, नागपंचमीच्या आसपास येतात. पानावर वाटा लावून ठेवलेल्या असतात आणि अर्ध्या तासात संपतात. महाग वाटतील, पण वर्षातनं एवढेच दिवस. फक्त एक पाळा, जी बाई दरवर्षी आणते, आजूबाजूच्यांना माहितीची आहे, तिच्याकडूनच. अनोळखी माणसाकडून रस्त्यात अळंबी घेऊ नये, विषारी जाती दिसायला फसव्या असतात. घरी आणल्या की लगेच धुवून ओलं खोबरं घालून करा, संध्याकाळपर्यंत सुद्धा थांबू नका.

पावसाळा संपला की बाजाराचं रूप पालटतं. भात कापून झालं की त्याच मळ्यात लाल भाजी, मुळा, वांगी, मिरची, वालीच्या शेंगा होतात, ती भाजी डिसेंबरपासून येते, थंडीतली लाल भाजी खाल्लीत की बाहेरचा पालक विसराल. मग नवी नाचणी, पुढे कुळीथ. फेब्रुवारी मार्चमध्ये ओले काजूगर शेकड्यावर मिळतात, सोललेले, हातांची सालं निघतात त्या बायकांची त्या चिकाने, त्यामुळे त्याचा दर ऐकून कुणी नाक मुरडलं की मला खरंच वाईट वाटतं. त्याच दिवसांत सुरंगीचे वळेसर. आणि एप्रिल मे म्हणजे कैऱ्या, फणस, करवंदं, जांभळं, रातांबे म्हणजे कोकमाची फळं. मेमध्ये सुकी मासळी आणि सोलं म्हणजे आमसुलं भरून ठेवायची, कारण १ जूनला मासेमारी बंद होते.

भाव करण्यावर माझं मत ठाम आहे पण ते नंतर लिहिते, कुकर लावायचाय.

घाटमाथा_ते_किनारा

एक गोष्ट नम्रपणे सांगायची आहे. मी बेळगावाकडून भाजी आणणाऱ्यांपैकी आहे, आमच्या घरात तीन पिढ्या हाच धंदा. ढीगवाले म्हणजे फसवे आणि कडेच्या आज्या म्हणजे खऱ्या असं कृपया समजू नका. आमचा टोमॅटो कोबी पण कुणातरी शेतकऱ्याच्याच शेतातला असतो. कोकणात पाऊस ३००० मिलिमीटरच्या वर, जांभ्याची जमीन, पाणी वाहून जातं, पावसाळ्यात इथे टोमॅटो फ्लॉवर होणार कसा? तो घाटावरूनच येणार. आम्ही रात्री गाडी भरतो, आंबोलीच्या धुक्यातनं उतरतो, दरड आली तर माल गाडीतच सडतो. मंगळवारी सावंतवाडी, बुधवारी कुडाळ, रविवारी वेंगुर्ला, आठवडा असा फिरतीत जातो.

माझं म्हणणं एवढंच की दोन्हीकडून घ्या. कांदा बटाटा टोमॅटो आमच्याकडून, भेंडी शिराळी अळू त्यांच्याकडून. आम्हाला गावठी म्हणून विका असं कुणी सांगितलं तरी विकू नये आणि जे विकतात त्यांच्यामुळे सगळ्यांचं नाव खराब होतं हे मी आमच्या लोकांतही बोलतो. आणि वजनाची शंका आली तर काट्यावर वैधमापनचा शिक्का आहे का बघा, बघायचा तुमचा हक्क आहे.

आवशीचो_झील

ह्या धाग्यावर लिहायलाच हवं कारण माझी आवस म्हणजे आई दर रविवारी ह्याच बाजारात बसते, कडेलाच. नाव गाव लिहीत नाही, तिला आवडणार नाही.

लोकांना फक्त रविवार दिसतो म्हणून शनिवार सांगतो. शनिवारी दुपारनंतर ती परड्यात शिरते ती दिवे लागेपर्यंत. शिराळी, पडवळ काढते, अळू पावसात भिजलेलं असलं तर पाणी निथळायला पडवीत पसरून ठेवते, कारण ओली जुडी बांधली तर सकाळपर्यंत आतनं काळी पडते. फुलं मात्र पहाटे. मग सगळं पाटीत रचायचं, खाली जड, वर पानं, वर ओला फडका. पहाटे उठून चूल, गुरांचं, आणि मग पाटी डोक्यावर घेऊन स्टॉपवर. १७ मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं तेव्हा आवस केवढी खूश झाली होती, ज्यांना ही गोष्ट किरकोळ वाटते त्यांनी हिशोब करून बघावा, सगळा माल विकून जेवढे पैसे हातात येतात त्यातला गाडीभाड्याचा वाटा आधी किती होता. तिच्या बरोबरीच्या दोघी तिघी बाजार सोडायच्या बेतात होत्या त्या त्यानंतर पुन्हा यायला लागल्या. बसल्या जागेची पावती असते ती वेगळी.

आता मला जे कळकळीने सांगायचंय ते. गावठी भाजी कमी का झालीय? बायका आळशी झाल्या म्हणून नाही. माकडं आणि रानडुकरं. आमच्याकडे गेल्या काही वर्षांत लाल तोंडाच्या माकडांचे कळप थेट परड्यात येतात, शिराळी बोटाएवढी असतानाच तोडून टाकतात, खातात थोडी आणि नासतात जास्त. वरच्या गावांत गवे येतात. कुंपण, जाळी, राखण, हे सगळं करून जे वाचतं ते बाजारात येतं. आमच्या वाडीत पूर्वी दहा घरांतनं पाटी निघायची, आता दोन घरांतनं निघते. आणि त्या दोन्ही घरांत पाटी उचलणारी बाई साठीच्या पुढची आहे. माझी बायको म्हणते मी बसेन आईंच्या जागी, पण त्यासाठी त्या दिवसाला काही अर्थ तर राहिला पाहिजे ना.

म्हणून ताई, तुम्ही विचारलंत भाव करायचा का, तर माझं उत्तर तुम्हाला समजलं असेलच. पण मी तुम्हाला भाव न करण्यापेक्षाही मोठी मदत सांगतो. सांगून ठेवा. एखादी बाई तुम्हाला पटली, भाजी चांगली लागली, की तिला सांगा “पुढच्या रविवारी माझ्यासाठी दोन जुड्या अळू आणि केळफूल आणा.” आणि मग पुढच्या रविवारी खरंच जा. आवशीची अशी बांधलेली गिऱ्हाईकं आहेत, त्यांच्या वस्तू ती फडक्यात वेगळ्या बांधून नेते आणि ती त्या दिवशी जास्त निवांत असते कारण एवढं तर जाणारच हे तिला माहीत असतं. घरात सुद्धा बियाणं ठेवताना म्हणते, त्या शाळेच्या बाईंना दुधी लागतो, एक वेल जास्त लावूया. परड्यात काय लावायचं ते असं ठरतं. ज्या वस्तूला विचारणारं कुणी नाही तिचं बी ती पुढच्या वर्षी ठेवत नाही, आणि गावठी बी एकदा घरातनं गेलं की ते विकत मिळत नाही.

आणि हो, सुटे पैसे न्या. आवशीकडे क्यूआर कोड नाही. पाचशेची नोट सकाळी सकाळी दिली की ती शेजारणीकडे, दुकानात फिरत बसते आणि तेवढ्यात समोरचं गिऱ्हाईक निघून जातं. कापडी पिशवी पण न्या, दोन तीन, अळू आणि तवसं एकत्र टाकलं तर पानं चिरडतात.

हिशोबी_माणूस

वरचं सगळं वाचलं, दादांनी लिहिलेलं मनाला लागलं. तरी थोडं वेगळं मत मांडतो. भाव करणं म्हणजे अपमान असं मला वाटत नाही. बाजारात दोन शब्द बोलून घेणं ही आपली जुनी रीत आहे आणि विकणाऱ्या बायकाही तयारीच्या असतात, पहिला दर थोडा चढाच सांगतात. बाहेरगावची गाडी बघितली की तर नक्कीच. मग सुपरमार्केटमध्ये पॅकेटवरच्या किमतीत गप्प घेतो आणि इथेही गप्प घ्यायचं, त्यात बोलण्याचा आनंदच गेला की!

माझी पद्धत अशी की दर पाडायचा नाही, सगळं घ्यायचं. “हे चारही वाटे घेतो, कसं लावाल?” असं विचारलं की बाई स्वतःहून कमी करते आणि तिचा फायदाच असतो, तिची पाटी लवकर रिकामी होते. उन्हातान्हात, पावसात बसायचं वाचतं.

आणखी एक. पुण्या-मुंबईत सरकारने शेतकरी आठवडे बाजार सुरू केले, २०१६ मध्ये फळं-भाजीपाला बाजार समितीच्या बंधनातून मोकळा केला, म्हणजे शेतकऱ्याने थेट ग्राहकाला विकावं. मी पुण्यात असताना तिथून घ्यायचो, चांगली सोय होती, टेंट, टेबलं, बोर्ड वगैरे. आपल्याकडे ही थेट विक्री कधीपासूनची आहे, फक्त डोक्यावर छप्पर नाही. पावसात त्या बायका प्लास्टिक पांघरून बसतात हे बघवत नाही. कडेला बसणाऱ्यांसाठी एक साधी शेड आणि एक स्वच्छ शौचालय एवढं तरी व्हायला हवं, दिवसभर बाजारात बसणाऱ्या बाईला त्याची किती गरज असते ते आपण बोलतही नाही.

आवशीचो_झील

शेवटचं अगदी बरोबर लिहिलंत. आवस बाजाराच्या दिवशी सकाळपासून पाणीच पीत नाही, आता कारण सांगायला नको. सगळा माल एकदम घेण्याबद्दलही पटलं, तसं कुणी विचारलं तर तिला आवडतंच. मला राग येतो तो साडेबाराला येऊन “आता काय परत नेणार काय, द्या निम्म्यात” म्हणणाऱ्यांचा. तिची परतीची गाडी असते, ती अडलेली असते, आणि हे त्यांना माहीत असतं.

अष्टागरातली

मी अलिबागकडची, तिकडचं थोडं लिहिते कारण बाजार सगळ्या कोकणात सारखा नाही. आमच्याकडे पावसाच्या तोंडावर शेवळं येतात, ठाणे रायगडात ती म्हणजे जीव की प्राण, तुम्ही ठाण्याच्या म्हणजे खाल्ली असतील. त्यात काकडं नावाची आंबट रानफळं घालावी लागतात घसा खाजू नये म्हणून, आणि शेवळं विकणाऱ्या आदिवासी बायका काकडं सोबतच ठेवतात. वेंगुर्ल्याला ती सहसा दिसणार नाहीत, शोधत बसू नका.

थंडी संपता संपता आमचा पांढरा कांदा येतो, वेण्या घातलेल्या माळा, २०२२ मध्ये त्याला जीआय, म्हणजे त्या भागाच्या नावाची सरकारी नोंदणी, मिळालं. आणि नेमकं तेव्हापासून हायवेला कुठलाही पांढरा कांदा माळ करून अलिबागचा म्हणून खपतोय. तुमच्याकडे हापूसचं तेच, २०१८ ला हापूसला जीआय मिळालं पण एप्रिलमध्ये परराज्यातला आंबा देवगडच्या नावाच्या पेटीत भरलेला सर्रास दिसतो. म्हणून मला वरचा सांगून ठेवण्याचा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा वाटला. माणूस ओळखीचा असला की पेटीवर काय छापलंय ते बघावंच लागत नाही. आंबा घेताना एवढं मात्र विचारा की गवतात घालून पिकवलाय का. कार्बाइडने फळं पिकवायला कायद्याने बंदी आहे तरी घाईचा आंबा बाजारात येतोच, वरून पिवळाधमक आणि देठापाशी वास नाही, आत कच्चा आंबट.

वेंगुर्ल्यात आहात तर काजू जरूर घ्या. वेंगुर्ल्याच्या काजूला २०१६ पासून जीआय आहे आणि १९५७ साली सुरू झालेलं फळ संशोधन केंद्र तुमच्या गावातच आहे, वेंगुर्ला ४, वेंगुर्ला ७ ह्या जाती तिथल्याच. फक्त दुकानात विचारून घ्या, कारण इथल्या कारखान्यांत आफ्रिकेतून आलेली काजू बी पण फोडतात. बायकांकडे सालासकटचा गावठी गर मिळाला तर तोच घ्या, लहान असतो पण गोडी वेगळी.

जांभ्याचं_अंगण

आले परत. भाव करण्यावर लिहायचं होतं पण झील दादांनी माझ्यापेक्षा चांगलं लिहिलं. मी एवढंच करते की एकटी बसलेली, थोडाच माल असलेली बाई असेल तर ती सांगेल ते देते. ढीगवाल्याशी बोलते. माझ्या हिशोबात दोन्ही व्यवहार वेगळे आहेत. सासूबाईंना सांगा की फसवाफसवी झाली तरी ती एका जुडीपुरती असते, आणि एकदा तोंडओळख झाली की तीही होत नाही.

ठाण्याहून_वेंगुर्ल्यात

सगळ्यांचे मनापासून आभार, इतकी माहिती मिळेल असं वाटलंच नव्हतं! काल पावणेआठला पोचलो आणि खरंच वेगळाच बाजार होता तो. कडेकडेने फेरी मारली. मुलीने केळफूल, पडवळ आणि करांद्याचा, म्हणजे त्या कंदाचा, वेल ओळखला, वेल एका आजींनी पाटीभोवती गुंडाळला होता तो, आजींनी तिला त्याचं पान सुद्धा दिलं. अळंबी आमच्या डोळ्यांदेखत संपली, पण त्या मावशींना सांगून ठेवलंय, म्हणाल्या पाऊस बघून मिळाली तर आणेन, नाहीतर रागवू नको. एका काकूंकडून उकडे तांदूळ घेतले, लाल, त्यांच्या घरचेच, त्यांनी स्वतः सांगितलं की भात आधी उकडतात मग वाळवून गिरणीत नेतात. दादा, तुमची आवस कुठली ते मला कळलं नसेल पण मी ज्यांच्याकडून घेतलं त्या सगळ्यांना सुटे पैसे दिले.

आता दोन अडचणी. एक म्हणजे एवढं मोठं तवसं आणलंय, माझ्या हातापेक्षा लांब, त्याचं काय करू? कोशिंबीर किती खाणार. आणि ह्या तांदळाची पेज कशी करतात, मी कुकरमध्ये लावला तर कडकच राहिला.

जांभ्याचं_अंगण

उकडा तांदूळ कुकरच्या दोन शिट्यांचा नाही ताई. धुवून जाड बुडाच्या टोपात तांदळाच्या सात आठ पट पाणी घालून मंद गॅसवर ठेवा, झाकण तिरकं, वेळ लागतो, दाणा फुलून फुटला पाहिजे आणि पाणी दाटसर झालं पाहिजे. रात्री भिजत घातलात तर लवकर होतं. मीठ शेवटी. सोबत भाजलेला सुका बांगडा, श्रावण पाळत असाल तर लोणच्याची फोड नाहीतर कुळथाची पिठी.

तवशाचं धोंडस करा, आमच्याकडे श्रावणात होतंच. तवसं सोलून बिया काढून किसायचं, पाणी टाकायचं नाही, त्यातच सगळं शिजतं. तांदळाचा रवा तुपावर खमंग भाजून घ्या, मग किसलेलं तवसं, गूळ, ओलं खोबरं, चिमूटभर मीठ, वेलची, काजूचे तुकडे. सगळं टोपात शिजवून घट्ट होत आलं की हळदीचं पान तळाला घालून त्यावर ओता, झाकण ठेवून मंद आचेवर, वर पूर्वी निखारे ठेवायचे, आता जाड तव्यावर टोप ठेवला तरी चालतं. कडा सुटून खालून लालसर झालं की झालं. गरम कापू नका, मोडतं. हळदीची पानं बाजारात त्याच बायकांकडे मिळतात, जुडीने, पुढच्या खेपेला मागा, पातोळ्यांना पण लागतील.

आणि चतुर्थीच्या आधीचा रविवार अजिबात चुकवू नका. माटवीचं, म्हणजे गणपतीच्या वर बांधायच्या चौकटीचं, सगळं सामान त्या दिवशी येतं, हरणं, कवंडाळं, शेरवाडं, आंब्याचे टाळ, सुपारीचे घड, पाच दहा गावांचं रान बाजारात उतरलेलं असतं. मुलीला त्या दिवशी सगळ्यात जास्त नावं मिळतील. पण गर्दी फार, सात वाजता निघा आणि गाडी आणू नका, चालतच या.

आवशीचो_झील

कवंडाळं बघून मुलगी खायला मागेल, लालभडक असतात, पण ती खायची नसतात हां, फक्त बांधायची. आणि ताई, करांद्याचा वेल पाटीला गुंडाळलेला होता ना? मग तुम्ही आवशीकडूनच घेतलंत.